नळीतले अन्न आणि आपली करुणा

घरातले वडीलधारे माणूस अर्धांगवायूने आडवे पडते. तोंड वाकडे होते, वाचा जाते, पाण्याचा घोट घशाखाली उतरत नाही. मग डॉक्टर व्हरांड्यात येऊन नातेवाइकांना विचारतात, "नळी टाकायची का?" अशा वेळी त्या घराने काय उत्तर द्यावे? वरवर पाहता हा प्रश्न औषधोपचाराचा आहे. तो डॉक्टरांवर सोपवून आपण मोकळे व्हावे असे कोणालाही वाटेल. पण ज्या घरावर ही वेळ आली आहे त्या घराला विचारा. तो प्रश्न शीलाचा असतो, करुणेचा असतो, आणि मुख्य म्हणजे प्रज्ञेचा असतो. आपल्या कुटुंबांतून या प्रश्नाची मोकळी चर्चा होत नाही म्हणून हा लेख लिहीत आहे.

मोकळी चर्चा का होत नाही? याचे एक कारण आपल्या इतिहासात आहे. आपण भुकेल्यांची लेकरे आहोत. आपल्या आजीने अर्धी भाकरी खाऊन अर्धी पदराआड ठेवली आणि ती आपल्या बापाला दिली, म्हणून आपण आज येथे आहोत. ज्या बाईने आयुष्यभर स्वतःचा घास दुसऱ्याच्या ताटात टाकला, तिला शेवटच्या दिवसांत अन्नावाचून ठेवायचे, ही कल्पनाच आपल्याला सोसत नाही. उपाशी ठेवणे हा आपल्या लेखी सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो तसा आहेही.

दुसरे कारण जुन्या धर्माचे आहे. मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजल घाला, नाहीतर आत्मा तहानलेला राहील. पिंडाला कावळा शिवला नाही तर मृताची वासना अतृप्त राहिली, असे आपल्या वाडवडिलांना शिकविले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. ती आपण घेतली. पण मनाच्या कोपऱ्यात बसलेले भय एका दिवसात जात नाही. घरात कोणी अन्नावाचून गेले तर त्याचा तळतळाट लागेल असे आजही दबक्या आवाजात बोलले जाते. मेल्यानंतर पिंड नाही, याचा खरा अर्थ असा की जे काही करायचे ते जिवंतपणी करायचे आहे, आणि ते भयापोटी नव्हे तर समजून उमजून करायचे आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, परंतु सांगितल्यावाचून पुढचे बोलता येणार नाही.

माझी आत्या शहात्तर वर्षांची होती. माझी आई लवकर गेली, त्यामुळे तिनेच मला वाढविले. एके दिवशी पहाटे ती मोरीपाशी कोसळली. उजवी बाजू पूर्ण लुळी पडली आणि वाचा गेली. आम्ही तिला जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात नेले. तेथे चमचाभर पाणी पाजून पाहिले, तर जोराचा ठसका लागला आणि श्वास घुरघुरू लागला. तोंडाने काही द्यायचे नाही असे सांगून नाकातून नळी टाकण्यात आली. त्या रात्री तिने चांगल्या असलेल्या डाव्या हाताने ती नळी ओढून काढली. पुन्हा टाकली, पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी तिचा हात बँडेजच्या पट्टीने खाटेला बांधला. ज्या हाताने मला भरविले तो हात खाटेला बांधलेला मी पाहिला.

आठव्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ एकटा होतो. पट्टी सोडून ठेवली होती. मी चहा पीत होतो आणि तिने डाव्या हाताने माझ्या कपाकडे बोट दाखविले. मी इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. मी तिला तीन-चार चमचे चहा पाजला. ठसका लागला नाही. तिने डोळे मिटले, आणि आपण काही चांगले केले असे मला वाटले. दोन दिवसांनी तिला ताप भरला, छाती घरघरू लागली. फोटो काढला तेव्हा न्यूमोनिया निघाला. मी डॉक्टरांना चहाचे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ठसका लागला नाही म्हणजे नीट उतरले असे समजू नका. या आजारात ठसका लागण्याची जाणीवही कधी कधी जाते." त्यांनी हेही सांगितले की तो न्यूमोनिया चहानेच झाला असे कोणालाही खात्रीने म्हणता येणार नाही. तिची स्वतःची लाळदेखील श्वासनलिकेत उतरत असेल, नळीतून दिलेले अन्न वर आले असेल. पण माझ्या मनातून ते चार चमचे गेले नाहीत.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो. माझा हेतू तर शुद्ध होता. भगवंतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. मग माझ्या हातून अकुशल कर्म घडले काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला चुन्द आठवला. चुन्द हा पावा येथील लोहार. त्याने श्रद्धेने भगवंतांना भोजन दिले, आणि त्या भोजनानंतर भगवंतांना तीव्र आजार जडला. महापरिनिर्वाणापूर्वी त्या वेदनांतही भगवंतांना काळजी कोणाची होती? चुन्दाची. आपण दिलेल्या अन्नाने तथागत गेले असा पश्चात्ताप त्याला होईल, म्हणून तो दूर करण्याची आज्ञा त्यांनी आनंदाला दिली. अन्न भरविणाऱ्याच्या मनातील सल किती खोल असते हे भगवंतांनी ओळखले होते. ज्यांच्या हातून अजाणता असे घडले असेल त्या सर्व माताभगिनींनी चुन्दाची ही कथा लक्षात ठेवावी, आणि स्वतःला जाळत बसू नये.

परंतु कथा येथे संपवून भागणार नाही. चुन्दाला माहीत नव्हते. मला मात्र सांगितलेले होते. तोंडाने द्यायचे नाही हे मला कळले होते, फक्त का द्यायचे नाही हे मी विचारले नव्हते. माझ्याजवळ करुणा होती, प्रज्ञा नव्हती. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात प्रज्ञा आणि करुणा या दोहोंना धम्माचे आधारस्तंभ मानले आहे. त्यांतला एक स्तंभ काढला तर छप्पर कोणाच्या डोक्यावर पडते? ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याच्याच. म्हणून आता थोडे ज्ञान करून घेऊ.

आपल्या घशात दोन वाटा शेजारी शेजारी आहेत. एक श्वासनलिका फुप्फुसाकडे जाते, दुसरी अन्ननलिका जठराकडे जाते. आपण गिळतो तेव्हा मेंदूच्या हुकमाने श्वासाची वाट क्षणभर बंद होते आणि अन्न मागच्या वाटेने उतरते. हे सारे एका सेकंदाच्या आसपास घडते. अर्धांगवायूत मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद होतो किंवा तेथे रक्तस्राव होतो, आणि हा हुकूम बिघडतो. आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ निम्म्या रोग्यांना गिळण्याचा त्रास होतो. समाधानाची गोष्ट ही की त्यांतील बहुतेकांचे गिळणे पहिल्या काही आठवड्यांत सुधारते. ज्यांचे सुधारत नाही त्यांत वृद्ध आणि मोठा झटका आलेले रोगी अधिक असतात.

नाकातून जठरापर्यंत जाणाऱ्या नळीला आपल्याकडील दवाखान्यांत राइल्स ट्यूब म्हणतात. जॉन आल्फ्रेड राइल या इंग्रज डॉक्टरांनी १९२१ साली ती वर्णिली. त्या वेळी तिचा उपयोग जठरातील रस बाहेर काढून तपासण्यासाठी होता. हेच राइल पुढे १९४३ साली ऑक्सफर्ड येथे सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक झाले. रोग केवळ शरीरात नसतो, माणसाच्या दारिद्र्यात आणि राहणीतही असतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आपल्या वाचकांनी त्यांचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी नळी पोटाच्या भिंतीतून सरळ जठरात बसवितात. तिला पेग म्हणतात. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९७९ साली गॉडरर आणि पोन्स्की या डॉक्टरांनी ती प्रथम बसविली, आणि ती बसविली एका तान्ह्या बाळाला. पोट फाडण्याची मोठी शस्त्रक्रिया टाळावी हा त्यांचा हेतू होता. जी सोय लेकरांसाठी निघाली ती पुढे हजारो वृद्धांना लावली जाऊ लागली. वीस वर्षांनी स्वतः गॉडरर यांनी इशारा दिला की ही पद्धत सोपी आहे म्हणूनच तिचा वाजवीपेक्षा जास्त वापर होण्याचा धोका आहे. साधन हाताशी आहे एवढ्यावरून ते वापरणे योग्य ठरत नाही, हे त्या साधनाचा जनकच सांगतो.

या नळ्यांचे त्रास कोणते? नाकातली नळी चुकून श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि तशीच ठेवून अन्न सोडले तर ते थेट फुप्फुसात जाते. म्हणून अन्न देण्यापूर्वी नळीतून ओढलेला रस कागदाने तपासतात. त्याची आम्लता दाखविणारा आकडा ५.५ किंवा त्याहून कमी असावा लागतो. शंका असेल तर क्ष-किरण फोटो काढतात. नळीत हवा सोडून पोटावर आवाज ऐकणे ही जुनी रीत भरवशाची नाही. नाकपुडीला जखम होते. नळी तुंबते. गोंधळलेला रोगी ती उपसतो, मग हात बांधले जातात. रोगी आडवा असताना अन्न दिले तर ते उलटून वर येते. पोटातील नळीच्या छिद्राभोवती जंतुसंसर्ग होतो, रक्तस्राव होतो, क्वचित पोटाच्या पडद्याला सूज येऊन जिवावर बेतते. नळीची आतली चकती जठराच्या भिंतीत रुतून बसू शकते. बसविल्यापासून सुमारे चार आठवड्यांच्या आत ती निसटली तर घरच्या घरी पुन्हा आत ढकलणे प्राणघातक ठरू शकते, तत्काळ रुग्णालयातच गेले पाहिजे. बराच काळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील क्षार ढासळतात आणि हृदयावर ताण येतो, म्हणून सुरुवात थोड्याने करावी लागते.

आणि ज्या एका गोष्टीविषयी सर्वांत मोठा गैरसमज आहे ती ही. नळी टाकली की न्यूमोनियाची भीती गेली असे लोक समजतात. तसे नाही. लाळ तर तोंडातूनच उतरते, आणि जठरातले अन्न उलट वर येऊ शकते. नळीने अन्न पोहोचते, पण श्वासाच्या वाटेचे रक्षण ती करू शकत नाही.

मग नळी वाईट आहे काय? असेही नाही. १९९६ ते २००३ या काळात जगातील अनेक देशांत मिळून एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आले. त्याच्या एका भागात १५ देशांतील ८३ रुग्णालयांतले ८५९ रोगी होते. गिळता न येणाऱ्या काही रोग्यांना लगेच नळी टाकली, काहींना निदान आठवडाभर टाकली नाही. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा लगेच नळी टाकलेल्यांत शंभरामागे सुमारे सहा मृत्यू कमी झाले होते. हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येत नव्हते, पण दिशा स्पष्ट होती. मात्र मृत्यू आणि गंभीर परावलंबन या दोन्ही गोष्टी एकत्र मोजल्या तेव्हा फरक शंभरामागे जेमतेम एकाचा राहिला. म्हणजे नळीमुळे जे वाचले त्यांतील पुष्कळजण दुसऱ्याच्या हातावर अवलंबून वाचले.

दुसऱ्या भागात ११ देशांतील ३२१ रोगी होते. काहींना नाकातून नळी दिली, काहींना सुरुवातीलाच पोटातून. मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले, पण मृत्यू किंवा गंभीर परावलंबन हे पोटात नळी बसविलेल्यांत शंभरामागे सुमारे आठने जास्त भरले. यावरून डॉक्टरांनी जो धडा घेतला तो थोडक्यात असा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अन्नाची गरज असेल तर नाकातली नळी द्यावी आणि उशीर करू नये. पोटातील नळीची घाई मात्र करू नये.

इंग्लंडमध्ये पेग बसविल्यानंतर महिन्याच्या आत मरण पावलेल्या ७१९ रोग्यांची चौकशी झाली. तिचा अहवाल २००४ साली आला. त्यांतील ४३ टक्के रोगी पहिल्या आठवड्यातच गेले होते, आणि १९ टक्के रोग्यांच्या बाबतीत ती नळी बसविणे निष्फळच होते असे तपासणाऱ्यांचे मत पडले. जो माणूस पाच-सहा दिवसांचा सोबती आहे त्याच्या पोटाला छिद्र पाडले गेले. कशासाठी? पुष्कळदा काहीतरी केले याचे समाधान मिळावे म्हणून. ते समाधान कोणाचे? रोग्याचे, की आपले?

आता भगवंतांकडे वळू. अंगुत्तर निकायात तीन प्रकारच्या रोग्यांचे वर्णन आहे. एक रोगी असा की त्याला योग्य अन्न, औषध, सेवा मिळो वा न मिळो, तो बरा होत नाही. दुसरा असा की मिळो वा न मिळो, तो बरा होतो. तिसरा असा की मिळाले तरच बरा होतो. भगवंत सांगतात की या तिसऱ्यासाठी अन्न, औषध आणि सेवेची योजना आहे, आणि त्याच्यामुळेच उरलेल्या दोघांचीही सेवा केली पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या प्रश्नाला किती नेमका लागू पडतो पाहा! झटका आल्यानंतर पहिल्या दिवसांत आपला रोगी या तिघांतला कोणता हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून आरंभी नळी नाकारू नये. तो तिसऱ्या प्रकारचा आहे असे धरून चालावे. आठवडे जातात तसे चित्र स्पष्ट होत जाते. आणि तो पहिल्या प्रकारचा आहे असे दिसले, तरी भगवंत त्याला सोडून द्या असे म्हणत नाहीत. त्याची सेवा चालूच राहते. बदलते ते सेवेचे रूप.

आत्याच्या बाबतीत तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी पोटातल्या नळीचा विषय काढला. घरात बैठक बसली. मुंबईहून आलेले माझे चुलतभाऊ म्हणाले, "पैसे मी देतो, पण आत्याला उपाशी मारू नका. लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "अशा जगण्याला अर्थ काय?" दोघेही मोठ्या आवाजात बोलत होतो. आमची वहिनी दारात उभी होती. आत्याला दर दोन तासांनी कुशीवर वळविणारी, मलमूत्र काढणारी, वरणाचे पाणी मिक्सरमधून काढून गाळून सिरिंजने देणारी तीच होती. तिला कोणी विचारले नव्हते. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दोघे आपापलं बोलता. आत्याबाईंना काय पाहिजे ते कोण विचारणार? त्यांना बोलता येत नाही, पण कळतं सगळं."

मला तेव्हा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची आठवण झाली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या अत्याचारानंतर त्यांचा मेंदू निकामी झाला, आणि १८ मे २०१५ पर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. २०११ साली त्यांचे अन्न थांबविण्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने तो मान्य केला नाही, आणि या परिचारिकांच्या व रुग्णालयाच्या मताला मोठे वजन दिले. त्यांचा आजार वेगळा होता, प्रश्नही वेगळा होता. पण ज्याचे हात सेवेत आहेत त्याचे मत आधी विचारावे, हा न्याय आमच्या घरात पाळला गेला नव्हता. आपण समतेची भाषा करतो आणि शुश्रूषेचा सारा भार सुनेवर टाकून निर्णय मात्र पुरुष घेतात. हे धम्माला धरून आहे काय?

विनयपिटकातील प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश त्यांनी संघाला केला. तेथे हे काम कोणा स्त्रीवर वा सेवकावर सोपविले नव्हते. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. हितकर काय, अहितकर काय ते कळावे, आणि अहितकर दूर करून हितकर तेच द्यावे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीपोटी सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस नसावी. आणि धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याचे मन प्रसन्न ठेवता यावे. यांतला दुसरा गुण माझ्यात नव्हता. म्हणून ते चार चमचे घडले.

आम्ही आत्याला विचारले. होय असेल तर हात दाबायचा, नाही तर डोळे मिटायचे असे ठरविले. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शब्दांत विचारले. पोटातल्या नळीला तिने दर वेळी डोळे मिटले. नाकातली नळी आणखी दोन आठवडे ठेवू का, या प्रश्नाला हात दाबला. त्या काळात गिळणे शिकविणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी वहिनीला आणि मला शिकविले. रोग्याला सरळ बसवायचे, हनुवटी थोडी खाली घ्यायची, पातळ पाणी न देता दाट आंबील अर्धा चमचा द्यायची, गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा घास द्यायचा नाही, तोंड रोज स्वच्छ पुसायचे, आणि भरविल्यानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. पाचव्या आठवड्यात नळी काढली. तिला पुरेसे अन्न जात होते असे म्हणणार नाही. धोका होता, तो डॉक्टरांनी आम्हाला आणि तिला स्पष्ट सांगितला होता. ती तीन महिने जगली. छातीच्या आजाराने गेली. त्या तीन महिन्यांत तिचा हात कधी बांधला गेला नाही. सकाळचा घास मी भरवीत असे.

वस्तीत कोणी म्हणाले, "उपाशी मारली." त्यांना काय उत्तर द्यावे?

पाणातिपाताविषयी धम्मपरंपरा सांगते की हत्या घडण्यास जिवंत प्राणी हवा, तो जिवंत आहे ही जाणीव हवी, मारण्याची चेतना हवी, त्यासाठी प्रयत्न हवा, आणि त्यातून मृत्यू घडावा लागतो. ज्या उपायाने वेदना वाढते आणि हित साधत नाही, जो रोग्याने स्वतः नाकारला आहे, तो उपाय न करणे यात मारण्याची चेतना नाही. मरणाच्या अगदी जवळ आलेल्या शरीराची भूक आपोआप मंदावते. त्या वेळी ओठ ओले ठेवणे, तोंड स्वच्छ ठेवणे, हात धरून बसणे हेच त्याचे अन्न असते.

परंतु ही ढाल कोणी गैरमार्गाने वापरू नये. "आता कशाला त्रास द्यायचा" या वाक्यामागे कधी खर्च टाळण्याची इच्छा असते, कधी घराच्या वाटणीची घाई असते, कधी नुसता कंटाळा असतो. तेथे करुणेचा शब्द आहे, पण चेतना लोभाची आहे. ज्याने त्याने एकांतात आपल्या मनाला विचारावे. आणि ज्या घराला खरोखरच खर्च झेपत नाही, त्या घरावर मी पापाचा शिक्का मारणार नाही. गरिबाच्या म्हाताऱ्याला परिचारिका मिळत नाही, गिळणे शिकविणारा तज्ज्ञ मिळत नाही, हा त्या घराचा दोष नसून समाजव्यवस्थेचा दोष आहे, आणि त्याविरुद्ध बोलणे हेही धम्मकार्यच आहे.

आमचा निर्णय हा सर्वांसाठी नियम आहे असेही कोणी समजू नये. आमच्याच वस्तीत साठीतल्या एका गृहस्थांना पोटातली नळी बसविली. त्यांचे इतर शरीर धडधाकट होते, मनाची उमेद होती. सहा महिन्यांनी ते तोंडाने जेवू लागले आणि नळी काढली. तेथे नळी हीच करुणा होती. म्हणून नळी चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. ही नळी या माणसाला आज कोणत्या हितासाठी हवी, हा खरा प्रश्न आहे.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी डॉक्टरांना न संकोचता विचारावे. गिळणे परत येण्याची आशा किती? नळीने आयुष्य वाढेल की केवळ मरण लांबेल? त्रास कोणते होतील, आणि झाले तर कोठे जायचे? किती आठवडे पाहून पुन्हा विचार करायचा? ही मुदत आधी ठरविली म्हणजे नंतर भांडण होत नाही. आणि मग घरात विचारावे, आपल्या माणसाला काय आवडले असते? याचे उत्तर धडधाकट असतानाच मिळवून ठेवणे उत्तम. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली. असा लेख दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतो. चालू असलेला जीवनरक्षक उपचार थांबवायचा असेल तर मात्र घरच्यांनी परस्पर काही करू नये. त्यासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांची रीत न्यायालयाने घालून दिली आहे.

मरणाविषयी बोलणे अशुभ आहे असे आपले जुने शेजारी म्हणतील. जो धम्म अनित्यतेपासून सुरू होतो त्याच्या उपासकाने असे म्हणू नये. येत्या पौर्णिमेला विहारातून घरी आल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. त्यांना विचारा, तुम्ही बोलू शकला नाहीत तर आम्ही तुमच्यासाठी काय बोलावे? आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नका. मी आत्याला हे वेळेवर विचारले नाही. तिला डोळे मिटून उत्तर द्यावे लागले.